मुकुट एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

जुनी लष्करी रायफल कोणी बनवली, याचे उत्तर नळीवर शोधू नये आणि दस्त्यावरही शोधू नये. नळी झिजली की बदलतात. लाकूड चिरले की नवे बसवतात. उत्तर असते मधल्या पोलादी भागावर. त्याच्या पुढच्या तोंडात आट्यांनी नळी बसते, पोटात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि मागच्या अंगाला दस्ता जोडलेला असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. कारखान्याचे नाव, वर्ष, राजाचा मुकुट किंवा देशाची मुद्रा, तपासनिसांचे बारीक शिक्के, यांतले बहुतेक सगळे या वीतभर पोलादावर ठोकलेले असते.

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत असा तुकडा एखाद्या घरात निघाला, की दोन गोष्टींची भीती असते. कोणीतरी तो घासून चकचकीत करते, आणि कोणीतरी त्यावरचा मुकुट पाहून ‘पोर्तुगिजांची रायफल’ असा निकाल देऊन मोकळे होते. पहिली गोष्ट घराला महागात पडते, दुसरी गावाच्या इतिहासाला.

प्रस्तुत लेखक जुन्या घरांतल्या पोर्तुगीजकालीन वस्तूंच्या नोंदी ठेवतो. त्याच निमित्ताने पेडणे तालुक्यातल्या एका घरून त्याला बोलावणे आले. छपराची कौले उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले लोखंड निघाले होते. घरातल्या थोरल्या काकांना एवढेच आठवत होते, की लहानपणी माळ्याच्या त्या कोपऱ्याकडे जायची मुलांना मनाई होती. पुतण्याला ते जुन्या पंपाचे काहीतरी वाटले. त्याने ते रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेले, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज उतरवून घेतला आणि घरी आणून ओसरीवर ठेवले. गंज उतरला तेव्हा कुठे अक्षरे दिसली. तोवर त्यांतली निम्मी गेली होती.

लेखक पोचला तेव्हा डाव्या कडेला एका लांब नावाचे शेपूट तेवढे वाचता येत होते, आणि त्यापुढे ‘बर्लिन’. वरच्या गोलाईवर मुकुटाची कड शिल्लक होती, त्याखालची अक्षरे पुसट. नंबराच्या जागी नुसते चरे. ओसरीवर जमलेल्यांत तीन मते होती. मुकुट आहे म्हणजे पोर्तुगिजांची, असे एकाचे म्हणणे. बर्लिन लिहिले आहे म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन, असे दुसऱ्याचे. तिसरा सांगत होता की गोवामुक्तीच्या वेळी लष्कर याच वाटेने गेले, त्यांचीच कुणाची तरी राहिली असणार. काकांना या वादात रस नव्हता. ‘‘भंगारात घातलं तर चालेल ना?’’ एवढेच त्यांनी विचारले.

‘‘नाही काका. आता याला कोणी हात लावू नका. आधी ठाण्यात कळवू,’’ असे लेखकाने सांगितले, तेव्हा घरातल्यांना ते जरा जास्तच वाटले. नळी नाही, चाप नाही, गोळी तर नाहीच; मग ही बंदूक कसली? हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ आणि ‘अग्निशस्त्र’ यांच्या व्याख्येत त्यांचे सुटे भागही येतात. किरकोळ भागांना, तेही दुसऱ्या भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसेल तर, कलम ४५ मध्ये सूट आहे. पण ज्याच्याभोवती अख्खी रायफल उभी राहते त्या रिसीव्हरला किरकोळ म्हणण्याच्या भरवशावर कोणी राहू नये. ‘शंभर वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ हा समजही असाच घातक आहे. त्याच कलमात जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट दिली आहे खरी, पण दुरुस्ती करून किंवा न करता ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नाही, अशी अट तिथेच घातली आहे. ती अट पुरी होते की नाही हे घरमालकाने ओसरीवर बसून ठरवायचे नसते.

आणखी एक कलम या लेखाच्या गाभ्याशी आहे. कलम ८ प्रमाणे अग्निशस्त्रावरचे नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे किंवा खोटे उमटवणे हा गुन्हा आहे. पुसलेल्या चिन्हाचे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते पुसले असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नाही हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे ज्या घासण्याला पुतण्या साफसफाई समजत होता, ती कायद्याच्या नजरेत ओळख मिटवणे ठरू शकत होती. वेल्डिंगच्या दुकानदाराला तर आपण काय घासतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

पुढे रीतसर पंचनामा झाला. काकांचा, पुतण्याचा, दुकानदाराचा जबाब झाला. तुकडा तपासणीला गेला. घरच्यांना हेलपाटे पडले, आणि ते सगळे हेलपाटे त्या तासाभराच्या ग्राइंडरचे होते. तुकडा गोणपाटातून निघाला तसाच ठाण्याच्या लोकांना दाखवला असता, तर नंबराबद्दलचा प्रश्नच उठला नसता.

पुसलेला नंबर परत दिसू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोलादावर ठसा मारला की अक्षराच्या खोलीच्याही खाली धातू दाबला जातो. वरचा थर कानशीने काढला तरी तो दाबलेला भाग आत शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचे विशिष्ट मिश्रण लावतात. दाबलेले पोलाद आणि आजूबाजूचे पोलाद आम्लाने सारख्या गतीने खाल्ले जात नाही, म्हणून आकडे थोडा वेळ उमटून येतात आणि त्यांची छायाचित्रे घेता येतात. मात्र ग्राइंडर फार खोल गेला असेल, तर हाती काहीच लागत नाही.

आता त्या तीन मतांकडे वळू, कारण निर्माता ओळखण्याची खरी रीत तिथेच कळते.

रिसीव्हरवरच्या खुणा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मुकुट किंवा राजमुद्रा सांगते की रायफल कोणाच्या सेवेसाठी घेतली. कारखान्याचे नाव सांगते की ती कोणी घडवली. तपासनिसाचा शिक्का ती कोणी पारखून घेतली ते सांगतो, आणि नंबर फक्त इतकेच की ही अमुक रायफल दुसरी नव्हे. ही चार उत्तरे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. गोव्यात तो हटकून होतो, कारण इथे दीर्घकाळ सत्ता एका देशाची होती आणि तिच्या मुख्य लष्करी रायफली दुसऱ्या देशांत घडवलेल्या होत्या.

पोर्तुगालने १८८६ साली स्वीकारलेली क्रोपाचेक रायफल घ्या. ८ मिलिमीटरची, नळीखाली लांब नळकांड्यासारखे काडतूसघर असलेली. तिच्यावर मुकुटाखाली राजा लुईस पहिला याची आद्याक्षरे असतात, पण ती घडली ऑस्ट्रियातल्या स्टायर गावच्या कारखान्यात, आणि रिसीव्हरवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. लुईस १८८९ मध्ये वारला. त्याच्या आद्याक्षरांच्या रायफली मात्र वसाहतींत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिल्या. म्हणून राजाच्या नावावरून रायफल घडल्याचा काळ कळतो, ती वापरात असल्याचा काळ कळत नाही.

त्यानंतर आली १९०४ ची माउझर-व्हर्गेरो. पोर्तुगीज पायदळातला अधिकारी जुझे अल्बेर्तु व्हर्गेरो याने माउझर या जर्मन रायफलीच्या रचनेत फेरफार करून ती आखली. काडतूस ६.५ मिलिमीटरचे. वरच्या गोलाईवर राजा कार्लोस पहिला याचे मुकुटाखालचे चिन्ह आणि डाव्या कडेला ‘डॉयट्शे वाफेन उंड म्युनित्सिओन्सफाब्रिकेन, बर्लिन’ हे लांबलचक नाव. ही बर्लिनची कंपनी १८९६ मध्ये स्थापन झाली होती. पेडण्याच्या त्या तुकड्यावर राहिलेले शेपूट याच नावाचे होते. ‘बर्लिन’ वाचून हिटलरच्या काळात उडी मारणाऱ्याचे कारखान्याबद्दल चुकले नव्हते; पण देश आणि काळ दोन्ही चुकले.

नुसत्या अर्ध्या नावावर मात्र निर्णय द्यायचा नसतो, कारण याच कंपनीने दुसऱ्या देशांसाठीही माउझर घडवल्या. इथे उपयोगी पडला तो रिसीव्हरचा घाट. नेहमीच्या माउझरमध्ये बोल्टच्या मार्गावर मागच्या बाजूला पोलादाचा सलग पूल असतो आणि बोल्टची मूठ त्याच्या मागे राहते. व्हर्गेरोमध्ये तो पूल वरून दुभंगलेला असतो. त्या फटीतून मूठ पुढे सरकते आणि पुलाच्या पुढे खाली वळते. ग्राइंडरने अक्षरे नेली, पण पुलाची फट नेता आली नाही. मुकुटाची कड, बर्लिनचे नाव आणि दुभंगलेला पूल या तिन्ही गोष्टी एकाच उत्तराकडे बोट दाखवत होत्या, तेव्हा कुठे ‘व्हर्गेरो’ असे म्हणता आले.

हे ओळखल्यावरही एक सापळा उरतो. १९३९ मध्ये पोर्तुगालने या रायफलींपैकी बऱ्याच ७.९२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या. रिसीव्हर तोच, मुकुट तोच, नाव तेच. पण काडतूस वेगळे. त्यामुळे रिसीव्हरवरचे नाव वाचून आत कोणते काडतूस बसेल याचा अंदाज कोणी कधीही बांधू नये. जुनी रायफल ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह तर सरळ जिवावरचा खेळ आहे. गंजलेल्या पोलादात चुकीचे काडतूस फुटले, तर त्याचा दाब बोल्टच्या मागे असलेल्या डोळ्यांवर येतो.

पोर्तुगिजांची तिसरी मोठी रायफल १९३७ ची, ७.९२ मिलिमीटरची आखूड माउझर. ती जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात घडली आणि तिच्या गोलाईवर पोर्तुगालचे राष्ट्रचिन्ह असते. १९१० मध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले होते, म्हणून तिच्यावर कोणा राजाची आद्याक्षरे नाहीत. खुद्द जर्मन सैन्यासाठी दुसऱ्या महायुद्धात बनलेल्या त्याच घाटाच्या रायफलींवर कारखान्याचे पूर्ण नाव मिळत नाही. तिथे गुप्त संकेत असत. ‘बीवायएफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फ, ‘बीएनझेड’ म्हणजे स्टायर. नाव आणि राष्ट्रचिन्ह असलेली आणि नुसते संकेत असलेली, या दोन रायफली लांबून अगदी सारख्या दिसतात.

तिसऱ्या मतालाही आधार होताच. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने आली. त्या काळी भारतीय पायदळाची नेहमीची रायफल होती .३०३ ची ली-एनफील्ड. पेडणे आणि डिचोलीच्या सीमांवर त्याआधीही बरेच काही घडले होते. १९४७ मध्ये उभे राहिलेले आझाद गोमंतक दल सशस्त्र लढ्याच्या वाटेने गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातल्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि कर्नैलसिंग बेनिपाल यांच्यासह सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच्याही मागे, सप्टेंबर १८९५ मध्ये, मोझांबिकला जाण्याच्या हुकुमावरून पणजीच्या पलटणीतल्या मराठा शिपायांनी बंड केले, ते सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि तिथले दादा राणे त्यांना मिळाले. ते बंड मोडायला लिस्बनहून राजा कार्लोसचा भाऊ आफोन्सो फौज घेऊन आला होता. अशा मुलखात एखाद्या माळ्यावर रायफलीचा तुकडा निघणे अशक्य नाही. पण यांतल्या कोणत्या प्रसंगाशी तो जोडायचा, हे घरातल्या आठवणीइतकेच त्याच्यावरच्या अक्षरांनी ठरते.

म्हणून ली-एनफील्ड ओळखता येणेही इथे गरजेचे आहे. जुन्या धाटणीच्या ली-एनफील्डवर मजकूर असतो तो बोल्टच्या मुठीखाली, जिथे दस्ता जोडतात त्या कड्याच्या उजव्या अंगाला. वर मुकुट, त्याखाली राजा किंवा राणीची आद्याक्षरे, मग कारखाना, मग वर्ष, मग नमुना. ‘एनफील्ड’ म्हणजे इंग्लंडचा सरकारी कारखाना, ‘बीएसए’ म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, ‘एलएसए’ म्हणजे लंडनची, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. भारतात बनलेल्यावर ‘ईशापूर’ असे असते. कोलकात्याजवळच्या या कारखान्याच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर मुकुटाखाली ‘जीआरआय’ ही तीन अक्षरे दिसतात, कारण इंग्लंडचा राजा जॉर्ज इथे सम्राटही होता. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. शेवटचा ‘आय’ नसलेला नुसता ‘जीआर’ आणि बर्मिंगहॅमचे नाव असेल तर रायफल इंग्लंडहून आली. ‘जीआरआय’ असेल तर ती भारताच्या खात्यातली.

ईशापूरची आणखी एक खूण लक्षात ठेवावी. पुढचे लाकूड चिरू नये म्हणून भारतात त्यातून एक आडवा स्क्रू घालत असत. तो दिसला तर रायफल भारतीय कार्यशाळेतून गेलेली आहे एवढे म्हणता येते, पण ती इथेच घडली असे नव्हे. ‘डीपी’ ही अक्षरे असतील तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली. एनसीसीत गेलेल्या पुष्कळांनी तशी रायफल खांद्यावर घेतली असेल. त्याच घाटाची, पण चौकोनी काडतूसपेटीची, ‘आरएफआय’ आणि ‘२ए’ किंवा ‘२ए१’ असे लिहिलेली रायफल दिसली, तर ती १९६२ च्या चीन युद्धानंतरची, ७.६२ मिलिमीटरची. ती कोणाच्या आजोबांनी सत्याग्रहाच्या काळात मिळवलेली असूच शकत नाही.

उलटी शक्यताही विसरू नये. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्सला गेलेल्या पोर्तुगीज फौजेला ब्रिटनने ली-एनफील्ड दिल्या होत्या. म्हणजे इंग्रजी मुकुटाची प्रत्येक रायफल गोव्यात भारताच्या बाजूनेच आली असे छातीठोक सांगता येत नाही. वर्ष पाहावे. ते युद्ध संपल्यानंतरचे वर्ष असेल तर हा मार्ग बाद होतो. त्याआधीचे असेल तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, आणि तसेच लिहून ठेवावे.

नावांची नक्कलही होते. वायव्य सरहद्दीवर, दर्रा आदमखेलच्या परिसरात, हाताने घडवलेल्या मार्टिनी आणि ली-एनफील्ड रायफली फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. कारागिराला इंग्रजी वाचता येत नसे. समोरच्या रायफलीवरची अक्षरे तो चित्रासारखी उतरवी. त्यामुळे ‘एनफील्ड’चे स्पेलिंग चुकलेले, एखादे अक्षर उलटे, मुकुट वाकडा असा प्रकार आढळतो. सगळ्यांत सोपी कसोटी वर्षाची. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. तिची आद्याक्षरे आणि खाली १९०७ असे वर्ष दिसले, तर ते काम सरकारी कारखान्याचे नव्हे.

आणि नाव मुळातच नसले तर? गोव्यातल्या घरांत दिसणाऱ्या जुन्या बंदुका बहुतेक ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या. काजूची भाटे आणि भातशेती रानडुकरांपासून राखायला घेतलेल्या. स्थानिक लोहाराने घडवलेल्या ठासणीच्या बंदुकीवर कारखान्याचे नाव नसणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या बंदूक-कारागिरीची परंपरा तर फार जुनी. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर आफोन्सो द अल्बुकर्कने इथल्या कारागिरांनी घडवलेल्या बंदुकीचा नमुना पोर्तुगालच्या राजाकडे कौतुकाने पाठवला होता. पण लष्करी बोल्ट रायफलीची गोष्ट निराळी. तिच्यावर नाव किंवा निदान कारखान्याचा संकेत हवाच. यांतले काहीच नसेल तर ते घासले गेले, की वरून गंज चढला, की मूळ काम नकली, याचा शोध लागल्याशिवाय पुढे जाऊ नये.

असा तुकडा घरात निघालाच, तर काय करावे हे आता क्रमाने सांगता येईल.

तो जिथे सापडला तिथेच राहू द्यावा. त्यात काडतूस अडकलेले असू शकते असे समजूनच वागावे. बोल्ट ओढू नये, चाप असेल तर दाबून पाहू नये. मुलांना आणि कामगारांना दूर ठेवावे. घासणे, रॉकेलमध्ये बुडवणे, लिंबू-चिंचेने उजळणे, वेल्डिंगच्या दुकानात नेणे, यांतले काहीही करू नये.

हात न लावता छायाचित्रे काढावीत. समोरून प्रकाश टाकला की अक्षरे सपाट होतात. टॉर्च एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरला की ठशांच्या कडांची सावली पडते आणि गंजाखालचे नावही वाचता येते. मग टॉर्चची बाजू बदलून पुन्हा फोटो घ्यावा. गोलाईचा वरचा भाग, डावी कड, उजवी कड, दस्ता जोडायची जागा आणि बोल्टचा मार्ग एवढे आले की जाणकाराला पुरते. हे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवू नयेत. तिथे उत्तरे भराभर मिळतात, पण बहुतेक मुकुट पाहूनच दिलेली असतात, शिवाय घरात शस्त्र असल्याची बातमी चारचौघांत जाते ती वेगळीच.

त्याच दिवशी जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी कळवावे. तुकडा पिशवीत घालून दुचाकीवरून स्वतः नेऊ नये; ठाण्याच्या माणसांनी येऊन तो ताब्यात घ्यावा अशी अर्जात विनंती करावी. अर्जात कधी, कुठे, काय काम चालू असताना, कोणाच्या हाती सापडले ते लिहावे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पंचनाम्यात ‘जुने लोखंड’ असा मोघम उल्लेख होऊ नये. ज्या खुणा वाचता येतात त्या जशाच्या तशा, आणि ज्या आधीच गंजून गेल्या आहेत त्या ‘गंजलेल्या’ म्हणून नोंदवून घ्याव्यात. पुढे कोणी पुसल्याचा प्रश्न काढला तर हीच नोंद उपयोगी पडते.

घरातल्या परवानाधारकाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या बंदुकीची वाट वेगळी आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. वारसाला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे राहू शकत नाहीत, वारसाने आलेली धरूनही. शिवाय .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसांच्या रायफली निषिद्ध वर्गात मोडतात. विनापरवाना साध्या शस्त्राची शिक्षा आज दोन ते पाच वर्षांची असली, तर निषिद्ध शस्त्राची सात ते चौदा वर्षांपर्यंत जाते. रिसीव्हरवरचे नाव आणि नमुना वाचण्याला म्हणूनच इतके महत्त्व. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याची सवय गोव्यातल्या शेतकरी घरांना आहेच. अचानक सापडलेल्या शस्त्राबाबत तोच रस्ता धरायला संकोच वाटायचे कारण नाही.

तुकडा घरातून गेला म्हणजे त्याचा इतिहास गेला असे नाही. लेखकाच्या नोंदवहीत अशा प्रत्येक वस्तूला दोन पाने असतात. एका पानावर पोलादाने सांगितलेले: मुद्रा, कारखाना, वर्ष, घाट, नंतर झालेले बदल. दुसऱ्या पानावर माणसांनी सांगितलेले: कोणी आणली, कधीपासून होती, कोणापासून लपवली, तिच्याबद्दल घरात काय बोलत. ही दोन पाने आधीच एक करू नयेत. पेडण्याच्या त्या घरात पुढे काका ‘सत्याग्रहाच्या वेळची’ असे सांगू लागले, आणि तुकडा तर पहिल्या महायुद्धापूर्वी बर्लिनमध्ये घडलेला. या दोन्हींत विरोध नाही. अर्धशतक जुनी व्हर्गेरो १९५५ मध्ये एखाद्या पोर्तुगीज चौकीत असू शकते, तशी ती त्याच्याही आधी कोणाच्या तरी हाती लागलेली असू शकते. नंबर वाचता आला असता, तर पोर्तुगीज लष्करी नोंदींशी तो पडताळण्याची निदान आशा होती.

ज्यांच्याकडून दुसरे पान भरायचे ती माणसे आता मोजकीच राहिली आहेत. पत्रादेवीला गोळ्या सुटल्या तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी ओलांडून गेला आहे. पेडणे-डिचोलीत ज्यांच्या घरी जुन्या शस्त्राची काही आठवण आहे त्यांनी वस्तू सापडायची वाट पाहू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारावे: चौकीवर कोण असे, त्यांच्या खांद्यावरची बंदूक लांब होती की आखूड, नळीखाली काही होते का, रात्री कोणी काही ठेवायला दिले होते का. सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहावे. एक प्रत घरात ठेवावी, एक गावच्या वाचनालयात द्यावी, आणि तुकडा निघालाच तर तिसरी ठाण्यातल्या अर्जाला जोडावी.